नाशकात राहून भाजी कुठली खाता?

गोदाकाठची

नाशिकभोवती एक चक्कर मारा. दिंडोरी-निफाडला द्राक्षं आणि टोमॅटो, लासलगाव-येवला-चांदवडला कांदा, सटाणा-देवळा-मालेगावकडे डाळिंब, इगतपुरी-घोटीला भात, पेठ-सुरगाण्याला नागली (नाचणी), वरई आणि हल्ली स्ट्रॉबेरीसुद्धा. रोजची भाजी गिरणारे, मखमलाबाद, सायखेड्याकडून. एवढ्या जवळ एवढं सगळं पिकणारी शहरं महाराष्ट्रात फार नाहीत. तरी आपल्यातले बरेच जण प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली मेथी मॉलच्या फ्रिजमधून उचलतात आणि ती कुठून आली हे विचारतसुद्धा नाहीत. म्हणून हा धागा.

मला उपदेश करायचा नाहीये. माझा मुद्दा जिभेपासून सुरू होतो.

टोमॅटो घ्या. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात ऑगस्टपासून पुढे क्रेटच्या थप्प्या लागतात. त्यातला बराच माल दिल्लीला, गुजरातला जायचा असतो. ट्रकमध्ये हिंदकळत एवढं लांब जायचं म्हटल्यावर तो नुकता रंग फिरला की खुडतात, लाल होतो तो वाटेत. वाणही तसेच लावतात, जाड सालीचे, कडक, एका मापाचे. यात कोणाची चूक नाही, दिल्लीला टोमॅटो पोचवायचा तर दुसरं काय करणार? पण आपल्याला पिंपळगाव तीसेक किलोमीटर. आपण झाडावर लाल झालेला टोमॅटो खाऊ शकतो. पातळ सालीचा, आंबट, आमटीत विरघळून जाणारा गावठी टोमॅटोही खाऊ शकतो, जो ट्रकात भरला तर ओझरपर्यंत जाईस्तोवर त्याची चटणी होईल. हेच काटेरी वांग्याचं आणि गावठी गवारीचं. लांबच्या बाजाराला हे वाण परवडत नाहीत म्हणून शेतकरी लावत नाहीत, आणि जवळचं गिऱ्हाईक मागत नाही म्हणून उरलेलेही बंद करतात.

पालेभाजीचं गणित तर तासांचं. आपल्या बाजार समितीत संध्याकाळी पालेभाज्यांचे लिलाव होतात आणि रात्रीतून गाड्या मुंबईकडे निघतात. म्हणजे आदल्या दुपारी उपटलेली कोथिंबीर दादरला सकाळी पोचते आणि आपल्याकडे, अगदी शेजारी असूनही, दुकानाच्या साखळीतून फिरत फिरत त्यानंतर पोचते. याला काय म्हणावं!

पैशाचंही बोलू. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या अभ्यास-निबंधांमध्ये आलं होतं की ग्राहक देतो त्या रुपयातले शेतकऱ्याला टोमॅटोत साधारण ३३ पैसे मिळतात, कांद्यात ३६, बटाट्यात ३७, द्राक्षात ३५. बाकीचे सगळे दलालाने खाल्ले असं नाही हं. हमाली, गाडीभाडं, वाटेतली नासाडी, दुकानाचं भाडं, सगळं त्यातच. पण यातले कितीतरी टप्पे लांबच्या अंतरामुळे येतात. ते नाशकात आपण वगळू शकतो, इतकंच म्हणणं आहे.

तर कोण कुठून घेतं, खरा शेतकरी कसा ओळखता, महाग पडतं का, हे लिहा. शेतकरी मंडळी असतील तर त्यांनी जरूर लिहा. ‘ऑरगॅनिक’वर मात्र इथे भांडू नका, त्यासाठी वेगळा धागा काढा.

सिडकोवाला

चांगला विषय. मी बुधवारच्या बाजाराचा माणूस. गोदाघाटावर बुधवारी जो आठवडे बाजार भरतो तिथे आठवड्याची भाजी होते. पण ताई, तिथे बसलेला प्रत्येक जण शेतकरी नसतो. निम्मेअधिक विक्रेते मार्केट यार्डातूनच माल उचलून आणतात.

ओळखायचं कसं? ज्याच्याकडे आलं, लिंबू, गाजर, ढोबळी मिरची, फ्लॉवर असं सगळं मांडलेलं आहे तो व्यापारी. एवढं सगळं एका शेतात एका वेळी निघत नाही. ज्याच्यापुढे दोन-तीनच जिन्नस आहेत, पोत्यावर पसरलेले, मेथीच्या मुळांना ओली माती आहे, जुड्या लहान-मोठ्या आहेत आणि सुतळीऐवजी केळीच्या सोपटाने बांधल्यात, तिथे थांबा. वांग्याचं देठ बघा. हिरवं, टोचणारं असेल तर सकाळचं. काळपट, मऊ पडलं असेल तर परवाचं. भेंडीचं टोक मोडून बघायला बायका शिकवतातच, पण विकणाऱ्याला विचारून मोडा, ढिगातली दहा मोडून ठेवू नका.

आणि एक प्रश्न विचारायचा: "पुढच्या आठवड्यात काय आणणार?" शेतकरी लगेच सांगतो, गवार संपत आली, दोडका सुरू होईल. व्यापारी म्हणतो, "काय पाहिजे ते सांगा साहेब, सगळं मिळेल."

मृण्मयी

शेवटची युक्ती भारी आहे!

मी गंगापूर रोडला राहते. इकडे सकाळी गिरणाऱ्याकडून दुचाकीवर दोन्ही बाजूंना जाळ्या लावून येणारे काका आहेत. भाव दुकानापेक्षा कमी नाही, कधी कधी पाच रुपये जास्तच. पण त्यांची पालक फ्रिजमध्ये चार दिवस ताठ राहते, दुकानातली दुसऱ्या दिवशी लोळते. फेकून द्यावी लागत नाही हा हिशेब धरला तर महाग नाहीच.

आकडेमोड

थोडं पाणी ओततो, राग मानू नये.

चवीचा मुद्दा मान्य. पण अशा चर्चेत कोणीतरी लवकरच "स्थानिक खाल्लं की प्रदूषण कमी" म्हणणार, म्हणून आधीच लिहून ठेवतो. २००८ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या वेबर आणि मॅथ्यूज या दोघांनी अमेरिकेतल्या घरगुती खाण्याचा हिशेब मांडला होता. अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंपैकी ८३ टक्के पिकवण्याच्या टप्प्यातच होतात. सगळी वाहतूक धरून ११ टक्के, आणि उत्पादकापासून दुकानापर्यंतची तर फक्त ४. आकडे अमेरिकेचे आहेत, आपल्याकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण दिशा तीच. काय खाता याचा फरक मोठा, किती लांबून आलं याचा छोटा. भरलेल्या ट्रकमध्ये एका किलोच्या वाट्याला डिझेल फार येत नाही. उलट तुम्ही तीन किलो द्राक्षांसाठी कार काढून पिंपळगावला गेलात तर किलोमागे त्या ट्रकवाल्यापेक्षा जास्त धूर तुमचाच.

दुसरं, जवळचं म्हणजे स्वच्छ असंही नाही. शहरालगतच्या मळ्यांमध्ये पाणी कुठलं देतात हे बघितलंय का कोणी? आणि द्राक्षाएवढ्या फवारण्या दुसऱ्या कुठल्या पिकावर होत असतील तर सांगा.

गोदाकाठची

@आकडेमोड, राग कसला, उलट बरं झालं. धुराचा मुद्दा मी मुद्दामच लिहिला नव्हता, कारण मलाही तो पटत नाही. अपवाद एवढाच की विमानाने येणारी आणि महिनोन्महिने शीतगृहात ठेवलेली फळं वेगळी धरायला हवीत. पाण्याचं मात्र खरंय. नदीकाठच्या, नाल्याकाठच्या मळ्यातली पालेभाजी मी घेत नाही. विकणाऱ्याला "मळा कुठे, पाणी विहिरीचं की पाटाचं" हे सरळ विचारते. विचारल्यावर चिडला तर पुढे सरकायचं.

फवारणीवर कोणी शेतकऱ्यानेच लिहिलेलं बरं.

निफाडचा_रांगडा

आलो. द्राक्ष, कांदा, थोडा टोमॅटो, घरची दोन गाई. वाचून हसू आलं आणि बरंही वाटलं.

आधी फवारणी. आकडेमोड भाऊ खोटं बोलत नाहीत. द्राक्षावर फवारे जास्तच. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की डावणी येते, थंडीत भुरी, दोन्ही बुरशीचे रोग. बाग हातची जाताना बघत बसणारा शेतकरी मला दाखवा. पण एक्स्पोर्टच्या मालाला शिस्त आहे. प्लॉटची नोंदणी होते, ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, सगळं चढतं, काढणीआधी नमुना तपासणीला जातो, औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला तर युरोपचं दार बंद. त्यामुळे शेवटची फवारणी कधी आणि तोडणी कधी यातलं अंतर काटेकोर पाळावं लागतं. लोकल बाजाराला हे विचारणारं कोणी नाही. तुम्ही विचारा ना! "शेवटचा फवारा कधी मारला?" एवढं एका गिऱ्हाइकाने विचारलं तरी पुढच्या वेळी माणूस जपून वागतो. शहरातल्या दुकानात हे विचारायला समोर शेतकरीच नसतो. जवळून घेण्याचा मला दिसणारा खरा फायदा हा.

आणि मण्यावरची पांढरी लव म्हणजे औषध नव्हे. ती द्राक्षाची स्वतःची मेणाची झिलई, ताजेपणाची खूण. हाताळून हाताळून ती जाते. चकचकीत मणी म्हणजे बऱ्याच हातांतून आलेले. औषधाचे डाग वेगळे दिसतात, ओघळल्यासारखे, थेंब वाळल्यासारखे, घडाच्या खालच्या बाजूला जास्त.

आता दुसरं, जे तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही माझ्याकडून दोन किलो घेतले म्हणून माझं काही हलत नाही. माझा टोमॅटो निघतो शेकड्याने क्रेट. तो बाजारातच जाणार, लिलावातच जाणार, पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) हातात पडली की खुडणी, भाडं, हमाली वजा करून काय उरलं ते मी बघणार. २०२३ आठवा. जुलैत शहरात टोमॅटो शंभर-दीडशेच्या वर गेला तेव्हा टीव्हीवर गदारोळ झाला. ऑगस्ट-सप्टेंबरात भाव असे कोसळले की आमच्याकडच्या लोकांनी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले. तेव्हा तुमच्या गल्लीत भाजीवाला टोमॅटो फुकट देत होता का? नाही ना. कांद्याचं तेच. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये बंदीच, ती उठली थेट मे २०२४ मध्ये. शहरातल्यांना कांदा स्वस्त पाहिजे म्हणून. त्या वेळी "स्थानिक शेतकरी वाचवा" म्हणणारे कुठे होते, असं विचारलं तर राग येईल, म्हणून नाही विचारत.

तर मदत करायचीच असेल तर कशी होईल ते सांगतो. किरकोळ नको, वर्षाचं घ्या. कांदा एप्रिल-मेमध्ये गोणीने घ्या. आणि बारीक माल घ्या. एक नंबरला बाजार आहे. गोल्टीला, म्हणजे लहान कांद्याला, भाव निम्म्याने पडतो, चवीत काडीचा फरक नाही. द्राक्षाचे सुटे मणी तसेच, घडातून निखळले की कवडीमोल. घरी खायला घड कशाला पाहिजे तुम्हाला, तोरण बांधायचंय का?

सिडकोवाला

तोरण 😂

भाऊ, पण आडतीचे, म्हणजे अडत्याच्या कमिशनचे, पैसे शेतकऱ्याकडून कापतात ते वाचतील ना थेट दिल्यावर?

निफाडचा_रांगडा

फळं-भाजीपाल्याची आडत २०१६ पासून खरेदीदाराने द्यायची, कायद्याने. तेव्हाच फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातूनही काढला. म्हणजे मी तुमच्या सोसायटीच्या दारात येऊन विकला तरी मला कोणी अडवू शकत नाही. कापतात ते तोलाई, हमाली वगैरे. पण भाऊ, बाजार समितीला शिव्या देणं सोपं आहे. तिथे संध्याकाळी गाडी नेली तर रात्री ती रिकामी होऊन परत येते, ही सोय कमी नाही. तुमच्या सोसायटीत पंधरा माणसं येऊन वांगी निवडत बसली तर माझा दिवस जातो.

अवनी_इंदिरानगर

हा वांगी निवडण्याचा मुद्दा आमच्याकडे घडलाय, सविस्तर लिहिते, कारण सोसायटीत हे सुरू करायचं असेल तर उपयोगी पडेल.

सिन्नरकडचे एक शेतकरी दर रविवारी टेम्पो आणायचे. सुरुवातीला झुंबड. मग हळूहळू काय झालं, लोक खाली येऊन एकसारखी, डाग नसलेली वांगी वेचून घ्यायचे, उरलेली तशीच परत. वाकडी काकडी कोणी घेईना. पावसाळ्यात टेम्पो दोन रविवार आला नाही तर ग्रुपवर तक्रारी, "हे लोक बेभरवशाचे." शेतात गुडघाभर चिखल असताना तोडणी कशी करणार हे कोणाच्या डोक्यात नाही. शेवटी त्यांनी येणं बंद केलं आणि त्यांचं बरोबर होतं.

मग आम्ही काही घरांनी पद्धत बदलली. महिन्याचे पैसे आधी देतो. आठवड्याला एक जाळी येते, त्यात काय असेल ते त्यांनी ठरवायचं. दोन पालेभाज्या, दोन फळभाज्या, एखादी शेंगभाजी, मिरची-कोथिंबीर. निवडायचं नाही. ज्या आठवड्यात गारपीट झाली त्या आठवड्यात जाळी अर्धीच आली, तीही आम्ही मुकाट्याने घेतली. हे सगळ्यांना जमत नाही, आमच्यातलीही काही घरं गळाली. पण उरलेल्यांची तक्रार नाही. मुलांना पहिल्यांदा कळलं की फ्लॉवर उन्हाळ्यात नसतो. सलग तीन आठवडे दोडका खाल्ल्यावर घरात बंड होतं हेही खरं. दोडक्याच्या शिरांची चटणी, दोडक्याची भजी, दोडका भाकरीबरोबर, दोडका मुगाच्या डाळीत. शेवटी नवरा म्हणाला, आता दोडक्याचा हलवा तेवढा राहिलाय.

मृण्मयी

शिरांच्या चटणीची कृती टाक ना.

अवनी_इंदिरानगर

शिरा सोलून, बारीक चिरून थोड्या तेलावर कुरकुरीत परतायच्या, कडक झाल्या पाहिजेत. मग तीळ, सुकं खोबरं, लसूण, सुकी लाल मिरची, मीठ. भरड वाटायचं. दोडका ताजा असेल तरच शिरा हिरव्या आणि कोवळ्या असतात, जुन्याच्या शिरा दोरीसारख्या निघतात.

आहारवाली

पोषणावर काही लिहिते, कारण या विषयात अतिशयोक्ती फार चालते.

तोडल्यानंतर पालेभाजीतलं क जीवनसत्त्व झपाट्याने कमी होतं, उन्हात-उकाड्यात तर फारच. त्यामुळे सकाळी तोडलेली पालक आणि दोन दिवस फिरलेली पालक यात फरक आहे. मटार आणि मक्यातली साखर तोडल्यापासून पिठूळपणाकडे जाते, म्हणून शेतावरचा मटार गोड लागतो. पण लोह, कॅल्शियम, तंतू यात अंतराने काही बिघडत नाही. मोसमात गोठवलेला मटार पोषणात कमी नसतो. "लांबचं म्हणजे निःसत्त्व" हे खरं नाही.

जवळचं खाण्याचा आहाराच्या दृष्टीने मोठा फायदा वेगळाच आहे. ताटातले प्रकार वाढतात. माझ्याकडे येणाऱ्यांची भाजी म्हणजे बटाटा, फ्लॉवर, भेंडी आणि पनीर. फळ म्हणजे सफरचंद, तेही विलायती स्टिकर लावलेलं. अहो, आपल्या पेरूत सफरचंदाच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व आहे, संत्र्यापेक्षाही जास्त. मोसमात बोरं, जांभळं, करवंदं आहेत. पेठ-सुरगाण्याची नागली आहे, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तांदूळ-गहू जवळपासही येत नाहीत. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हा सगळ्यांनी नागलीची बिस्किटं खाल्ली. बिस्किटात नागली थोडी आणि साखर-मैदा जास्त. भाकरी करा, आंबील करा.

घोटीची_लेक

नागलीचा विषय निघाला म्हणून लिहितेय, एरवी मी नुसतीच वाचते.

माहेर घोटीकडे. इंद्रायणी तांदूळ घ्यायचा असेल तर दिवाळीनंतर, झोडणी झाल्यावर गावातल्या गिरणीवरून घ्या. नवा तांदूळ चिकट होतो, गुरगुट्या भाताला छान. मोकळा भात हवा तर जुना मागा. पॉलिश कमी करून द्यायला सांगितलं तर देतात, फक्त असा तांदूळ लवकर संपवायचा, त्याला कीड पटकन लागते.

खरं म्हणजे मला रानभाज्यांबद्दल लिहायचंय. जून-जुलैत त्र्यंबक रोडला, पेठ रोडला आदिवासी बायका वाटे लावून बसतात. कर्टुली, शेवळं, टाकळा, कुरडू. हे कोणी पेरत नाही, खत नाही, फवारा नाही. पहाटे उठून डोंगर चढून खुडलेलं असतं आणि एस.टी.ने शहरात आणलेलं असतं. त्यांच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या बायका बघितल्या की मला बोलावंसं वाटतं. मॉलमध्ये छापील किमतीला हूं की चूं करत नाही ना आपण?

दोन सूचना. शेवळं नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते. काकडं (आंबट रानफळं) घालतात, नाहीतर चिंच-कोकम भरपूर, आणि आधी तेलात नीट परतून घेतात. विकणाऱ्या मावशीला विचारा, ती काकडं सोबतच ठेवते. आणि जी भाजी ओळखीची नाही ती स्वतः रानातून खुडून आणू नका. व्हिडिओ बघून तर मुळीच नाही.

कर्टुली महाग वाटते, पण वेलावर एकेक शोधून काढायची असते. पिकून पिवळी-लाल झालेली घेऊ नका, बिया कडक होतात.

सिडकोवाला

वा. नुसती वाचत जाऊ नका, लिहीत जा.

बाकी नाशिककर मंडळी, मिसळीचं काय करायचं? मटकी कुठली, फरसाणाचं बेसन कुठलं, पाव कुठला?

आकडेमोड

मिसळीला हात लावायचा नाही. ती या धाग्याच्या कक्षेबाहेर आहे.

गंभीरपणे: अवनींची आधी पैसे देण्याची पद्धत मला पटली. त्यात जोखीम वाटून घेतली जाते, नुसता "स्थानिक"चा शिक्का नाही. गोणीने कांदा घेणंही पटतंय. पण रांगडे भाऊ, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत गोणी ठेवायची कुठे आणि ती नोव्हेंबरपर्यंत टिकवायची कशी? आमच्याकडे ऑगस्टपर्यंत निम्मा सडतो.

निफाडचा_रांगडा

निम्मा सडतो म्हणजे एकतर कांदा चुकीचा किंवा जागा चुकीची.

उन्हाळ कांदाच घ्यायचा, एप्रिल-मेमध्ये निघतो तो. खरिपाचा लाल कांदा किंवा त्याच्या मागून निघणारा रांगडा (माझं नाव असलं तरी) ठेवायला घेऊ नका, त्यांना टिकवण नाही. मान बारीक पाहिजे. मान जाड, ओली असेल तर तिथूनच कूज सुरू होते किंवा कोंब येतो. पात कापताना वर बोटाच्या दोन पेरांएवढी मान ठेवलेली असावी, गड्ड्याला लागून कापलेला कांदा लवकर जातो. साल दोन पदरी, हाताने चोळली की कुरकुर वाजली पाहिजे. फार मोठा घेऊ नका. मध्यम आणि गोल्टी टिकते, मोठा आधी सडतो.

आम्ही चाळीत ठेवतो. चाळ म्हणजे काय, खालून वारा, बाजूने वारा, वर छप्पर. तेच घरात करा. गोणी जाळीची, जमिनीवर नाही, विटांवर फळी टाकून त्यावर. किंवा पलंगाखाली पसरून, पण तिथे हवा खेळती पाहिजे. ओट्याखालच्या बंद कपाटात ठेवला की गेलाच. बटाट्याशेजारी नको. पावसाळ्यात आठवड्याला एकदा हात फिरवायचा, मऊ लागला तो त्या दिवशीच्या भाजीत. एक नासका राहिला तर शेजारचे चार घेऊन जातो. एवढं करूनही थोडी घट येणारच, वजन सुकतं. आमच्या चाळीतही येते. एका घराला पन्नास किलो जास्त होत असेल तर दोन घरांत वाटून घ्या.

मृण्मयी

आणि द्राक्षं? मी दरवर्षी जानेवारीत हौसेने आणते आणि आंबट निघतात.

निफाडचा_रांगडा

जानेवारीत भाव असतो म्हणून लोक गोडी भरायच्या आधी तोडतात. थांबा जरा. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चभर उन्हं वाढली की साखर भरते, तेव्हा भावही खाली येतो. घेताना वरचा मणी चाखू नका, तो विकणाराच पुढे करतो. घडाच्या अगदी शेंड्याचा, खालचा मणी तोडून खा. तो सगळ्यात शेवटी पिकतो. तो गोड असेल तर घड आंबट निघायचा नाही. काडी हिरवी असावी, तपकिरी झाली म्हणजे तोडून दिवस झालेत. आणि मोठ्या, लांबट मण्याचा हट्ट सोडा. मण्याला फुगवायला संजीवकात, म्हणजे वाढीच्या औषधात, बुडवावं लागतं, ते गिऱ्हाईक मागतं म्हणूनच. लहान मणी मागणारं गिऱ्हाईक मिळालं तर माझी मजुरी वाचेल.

गोदाकाठची

भाऊ, खूप धन्यवाद, एवढं सविस्तर कोणी सांगत नाही. तुमच्याकडे एप्रिलमध्ये गोणीने मिळेल का? इथल्याच चार-पाच घरांची एकत्र मागणी केली तर परवडेल तुम्हाला?

निफाडचा_रांगडा

परवडेल, पण चाळ भरायच्या आधी सांगा. शेतात पातीखाली सुकत असतानाच तुमच्या गोण्या वेगळ्या काढून ठेवतो. नंतर चाळ उपसायला लावू नका. भाव त्या दिवशीचा लासलगावचा जो निघेल तो, वर भाडं. आठ-दहा गोण्या झाल्या तर पिकअप नाशकात पाठवतो, एकाच ठिकाणी उतरवणार, घरोघर नाही. व्यनि (खासगी निरोप) करा.

अवनी_इंदिरानगर

आमच्या दोन धरा. उतरवायला आमचं पार्किंग चालेल.

घोटीची_लेक

मला एक. आणि कोणाला इंद्रायणी हवा असेल तर त्याच पिकअपच्या दिवशी भावाला घोटीहून पाठवायला सांगते. नवा की जुना ते आत्ताच लिहा.

आकडेमोड

एक गोणी, गोल्टी. तांदूळ दहा किलो, जुना.